माशाच्या अंगावरची बुळबुळ, ‘इम्युनिटी एन्झाइम’चं पाकीट आणि आमची चूक

वेदगंगाकाठ

राम राम मंडळी. निपाणी तालुक्यात वेदगंगेपासून दीड-दोन किलोमीटरवर आमचं शेत. ऊस जास्त, तंबाखू थोडी. दोन वर्षांमागं कृषी होंडा म्हणजे शेततळं काढलं, ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे नऊ गुंठे पाणी धरा. खाली काळी माती, प्लास्टिक घातलेलं नाही. आता खोली दोन मीटरच्या आसपास. गेल्या ऑगस्टात माशांची ४५० बोटुकली सोडली. रोहू २५०, कटला १००, मृगळ १००. खाद्य घरचंच, तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड निम्मं-निम्मं.

डिसेंबरअखेरपर्यंत सगळं झकास होतं. सकाळी कोंड्याची बारदानं टांगायला गेलो की पाणी उकळी आल्यागत हलायचं. मग संक्रांतीच्या आधी कागलहून मेव्हणा आला आणि म्हणाला, दाजी, मासा केवढा झालाय ते वजन करून बघायला नको? बघायला पाहिजे, पटलं. ८ जानेवारीला सकाळी सात वाजता जाळं ओढलं. थंडी अशी की पाण्यातनं पाय बाहेर काढवेना. थर्मामीटर टाकला तर पाणी १९ अंश.

चाळीसभर मासे बांधावर खताच्या रिकाम्या पोत्यावर ओतले. काट्याला अडकवायला एकेक उचलायचा तर मासा हातात राहीना. साबणाची ओली वडी धरल्यागत सुळकन निसटायचा आणि मातीत उड्या मारायचा. मेव्हण्यानं युक्ती काढली. खांद्यावरचा कोरडा टॉवेल घेतला, मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत खसाखस पुसला, मग धरला. खरंच की ओ, पुसल्यावर मासा गपगुमान हातात बसला. काय डोकं लावलं म्हणून मीच त्याला शाबासकी दिली. चाळीसच्या चाळीस मासे पुसून, तोलून, वहीत लिहून परत पाण्यात सोडले. सरासरी ३४० ग्रॅम भरली. खूश होऊन घरी गेलो.

बाराव्या दिवशी पहिला मासा उताणा तरंगला. आज तारीख २७, आत्तापर्यंत सात मेले. जे वर येऊन काठाला लागतात त्यांच्या अंगावर लालभडक चट्टे आहेत, खवले गेलेले. दोघांच्या चट्ट्यावर पांढरं कापसासारखं उगवलंय. आणि जी गोष्ट बघून पोटात गोळा आला ती ही की चट्टे कुठंही नाहीत. एक कल्ल्याच्या झाकणामागं, एक शेपटीच्या जरा अलीकडं. आम्ही डाव्या-उजव्या हातानं जिथं धरलं होतं बरोबर तिथं. एका रोहूच्या कुशीवर तर चार बोटांच्या रुंदीचा पट्टा आहे. माझ्या पंजाशी ताडून बघितला, बसतोय.

चिक्कोडीला एका दुकानात गेलो. त्यानं ८५० रुपयाचं एक किलोचं पाकीट दिलं. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरात ‘इम्युनिटी एन्झाइम’. मागचं बारीक छापलेलं कन्नडात, ते सातवीतल्या लेकीकडून वाचून घेतलं. लायसोझाइम, प्रोटिएज, बीटा-ग्लुकन असं काय काय लिहिलंय. दुकानदार म्हणतो, माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत हेच एन्झाइम असतंय, ते कमी पडलं म्हणून रोग आला, तुम्ही बाहेरनं घाला. ऐकायला बरोबर वाटतंय. पण मग पाण्यात घालायचं की खाद्यात, हे त्यालाच सांगता येईना. एकदा म्हणाला पाण्यात, एकदा म्हणाला पेंडेत.

म्हणून इथं विचारायलोय. हे लायसोझाइम खरंच असतं काय? बुळबुळीत असतंय तर बाहेरनं देता येतं काय? आणि खरं सांगा, आमच्या टॉवेलनंच हे झालं काय?

काकतीचा पोरगा

अण्णा, जास्त विचार करूलालाय तुम्ही. आमच्या इथं एकानं हिरवं औषध टाकलं, मॅलकाईट का काय म्हणतात ते. कापूस दोन दिवसात गायब. पाकीट-बिकीट कशाला, शंभर रुपयाचं काम.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी

आधी वरच्या पोरासाठी. मॅलकाइट ग्रीन खायच्या माशांच्या तळ्यात घालायला बंदी आहे. ते माशाच्या मांसात उतरतं, बराच काळ राहतं आणि तो मासा तू, मी नाहीतर निपाणीच्या बाजारातली कुणाची पोरं खाणार. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान जातीची प्रतिजैविकंही मत्स्यशेतीत बंद आहेत. दुकानात कुणी पुडीत बांधून दिली तरी घेऊ नका.

आता वेदगंगाकाठ, तुमच्याकडे वळतो. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

लायसोझाइम खरं आहे. त्याचा शोधच मुळी शेंबडातून लागला. १९२१ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दी झाली होती. त्यानं स्वतःच्या नाकातला शेंबूड जंतू वाढवलेल्या बशीत टाकला आणि बघितलं तर त्याच्या आसपासचे जंतू विरघळून गेलेले. १९२२ मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. पेनिसिलिन नंतरचं, १९२८ चं. पुढे अश्रूंतही तेच सापडलं, तर प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून हा बाबा लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळायचा. तुमच्या डोळ्यातलं पाणी, कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक आणि तुमच्या रोहूची बुळबुळ, तिन्हीकडे याच घराण्यातलं एन्झाइम आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात, बुळबुळीला श्लेष्म म्हणतात. आपण बुळबुळच म्हणू.

मी विद्यार्थ्यांना हे दाखवायचो. मायक्रोकॉकस नावाचा एक निरुपद्रवी जंतू असतो, बशीत वाढवला की लिंबाच्या सालीसारखा पिवळा थर धरतो. त्या थरात पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पाडायचं. जिवंत माशाच्या कुशीवरून काचपट्टीची कड अलगद फिरवून निघालेली बुळबुळ त्या भोकात एक थेंब सोडायची. शेजारच्या भोकात अंड्याचा पांढरा बलक, तिसऱ्यात नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की पाण्याभोवती काही नाही, आणि बाकी दोघांभोवती पिवळ्या थरात काचेसारखी स्वच्छ गोल चकती. पोरं बशी दिव्यासमोर धरून आरपार बघायची. एक वर्ग असा गेला नाही की कुणी ‘ईऽ’ केलं नाही.

ते काम कसं करतं? जंतूच्या अंगाभोवती साखरेच्या साखळ्यांची विणलेली जाळी असते. आत दाब असतो, जाळी तो धरून ठेवते. लायसोझाइम त्या साखळीतला एक ठरावीक दुवा तोडतं. पुरेसे दुवे तुटले की पाणी आत घुसतं आणि जंतू फुटतो. बस, एवढंच. पण यात एक मेख आहे. काही जंतूंची ही जाळी उघडी असते, ते पटकन मरतात. काहींच्या जाळीवर बाहेरून चरबीचं आणखी एक पांघरूण असतं. माशांच्या जखमांत हमखास सापडणारा एरोमोनास हा त्या दुसऱ्या गटातला. तिथं एकट्या लायसोझाइमचं फार चालत नाही, तरी माशातलं लायसोझाइम या गटावर कोंबडीच्यापेक्षा बरं चालतं असं आढळलंय. मोठी मदत करतात ती रक्तातली पूरक प्रथिनं, कॉम्प्लिमेंट म्हणतात त्यांना. ती पांघरुणाला भोकं पाडतात आणि मग लायसोझाइम आत शिरतं. शिवाय बुळबुळीत प्रथिनं कापणारी एन्झाइमं असतात, प्रतिपिंडं असतात. आणि बुळबुळ सतत नवी येते, जुनी अंगावरून वाहून जाते, जाताना चिकटलेले जंतू घेऊन जाते. हे शेवटचं काम कदाचित सगळ्यात मोठं.

ही बुळबुळ येते कुठून? इथं तुमच्या टॉवेलचा संबंध आहे. लोकांना वाटतं खवले म्हणजे माशाचं बाहेरचं कवच. तसं नाही. खवला खालच्या कातडीत रुजलेला असतो आणि त्याच्यावर आणखी एक अगदी पातळ, जिवंत कातडी पसरलेली असते. बुळबुळ करणाऱ्या पेशी त्या वरच्या कातडीत असतात. कोरड्या टॉवेलनं खसाखस पुसलंत तेव्हा नुसती बुळबुळ निघाली नाही, ती बनवणारी कातडीही निघाली. शेपटीकडून नाही, डोक्याकडून शेपटीकडे पुसलंत म्हणून खवले त्या मानानं कमी गेले. उलट पुसलं असतंत तर आणखी गेले असते. तेव्हा होय, टॉवेलनंच. वाईट वाटून घेऊ नका, मी स्वतः पहिल्या वर्षी एक अख्खं टाकं असंच मारलंय.

त्यात थंडी. माशाचं रक्त पाण्याएवढंच गार. एकोणीस अंशाला रोहूच्या शरीराचा सगळा कारभार मंदावतो. ज्याला आपण शिकलेली प्रतिकारशक्ती म्हणतो, म्हणजे ओळखीच्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणं, ती थंडीत फार रेंगाळते. माशाला हाडांत मगज नसतो. हे काम डोक्यामागं असलेल्या मूत्रपिंडाच्या भागाला करावं लागतं. थंडीत मासा जगतो तो उपजत शिबंदीवर, म्हणजे बुळबुळ, लायसोझाइम, कॉम्प्लिमेंट आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी यांच्यावर. तुम्ही नेमकं जानेवारीत नेमकं तेच पुसून काढलंत.

पांढरा कापूस म्हणजे बहुतेक सॅप्रोलेग्निया. लोक त्याला बुरशी म्हणतात, दिसतोही तसाच, पण तो बुरशीच्या घराण्यातला नाही. आणि त्याच्या भिंतीत लायसोझाइम तोडतं ती साखळीच नसते. म्हणजे तुमच्या पाकिटातलं लायसोझाइम शंभर टक्के जिवंत असतं आणि थेट त्या कापसावर ओतलं असतं, तरी कापसाला काही झालं नसतं.

राहिला पाकिटाचा प्रश्न. पाण्यात घालाल तर नऊ गुंठे आणि दोन मीटर म्हणजे अठरा लाख लिटर पाणी. त्यात एक किलो पावडर, हिशेब तुम्हीच करा. पेंडेत घालाल तर रोहू-कटल्याला जठरच नसतं, घशातून माल थेट आतड्यात. आतड्यातली पाचक एन्झाइमं ते प्रथिन सोयाबीन-शेंगदाण्याचं पचवतात तसंच पचवायला बसतात. लायसोझाइम खाल्ल्यानं ते बुळबुळीत येऊन बसत नाही. ती ८५० रुपयांची पेंड झाली. पाकिटातलं प्रोटिएज पचनासाठी असतं, खाल्लेलं बुळबुळीत येऊन बसत नाही. बीटा-ग्लुकन मात्र वेगळी गोष्ट. ते यीस्टच्या भिंतीतून काढतात. त्यानं पांढऱ्या पेशी सावध होतात आणि माशाचं स्वतःचं लायसोझाइम वाढतं असं पुष्कळ प्रयोगांत दिसलंय. पण ते थंडीच्या आधी, धडधाकट माशाला. आग लागल्यावर विहीर खणायचं काम नाही.

आता करायचं काय? पुन्हा जाळं ओढू नका, हे पहिलं. खाद्य निम्म्यावर आणा, थंडीत ते फारसं खात नाहीत आणि उरलेली पेंड तळाशी कुजते. चुन्याची मात्रा हेक्टरी २०० किलो धरतात, म्हणजे गुंठ्याला दोन किलो, तुमच्या तळ्याला अठरा. एका दिवशी सगळा टाकू नका, तीन हप्त्यांत, विझवून, गाळून, सकाळी. काठाला आलेला मासा हाती लागला तर ओल्या हातानं उचलून मिठाच्या पाण्यात. दहा लिटरच्या बादलीत पाव किलो जाडं मीठ, मिनिटभर, मासा कलंडायला लागला की लगेच काढायचा. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्याच्या मत्स्य संस्थेनं, म्हणजे सिफानं, चट्ट्यांच्या रोगासाठी सिफॅक्स काढलंय, ते एक हेक्टर पाणी एक मीटर खोल असेल तर एक लिटर. तुम्हाला सुमारे १८० मिली लागेल. आणि चट्टे खोल होऊन खड्डे पडायला लागले, तळ्यात मरळ किंवा खवली असेल आणि तीही मरायला लागली, तर मत्स्य खात्याला कळवा. तो साथीचा व्रणरोग (ईयूएस), सिफॅक्स मुळात त्यासाठीच काढलेलं. १९८८ पासून तो भारतात आहे, आणि तोही थंडीतच उठतो.

मरळवाला

सरांनी पुस्तकातलं सांगितलं. मी पाण्यातलं सांगतो. आमचं घर मांजरी गावाच्या खाली कृष्णेच्या काठाला, चार पिढ्या जाळ्यावर. आम्ही भोई.

आमच्या आज्जीनं लहानपणी पहिली चापट मारली ती यासाठीच. मासा परत सोडायचा असंल तर आधी हात पाण्यात बुडीव, मग धर. कोरड्या हातानं धरलेला मासा ‘भाजतो’ म्हणायची. आम्हाला वाटायचं हाताच्या गरमीनं. आता कळलं भाजल्यागत कातडी जातीय ते.

आणि राख. बाजारात बायका वाम, मरळ साफ करताना चुलीतली राख का लावतात? बुळबुळ धरायला. राख लावली की वाम हातात थांबते, एरवी मेलेली वामसुद्धा पळती. म्हणजे राख मारायच्या माशाला आणि ओला हात जगवायच्या माशाला. दाजी, तुमच्या मेव्हण्यानं जगवायच्या माशाला मारायच्या माशागत धरलं.

मरळीची बुळबुळ सगळ्यात दाट. घागरीत चार बोटं पाण्यात बाजाराला नेली तरी दिवसभर जिती राहती. वर येऊन हवा घेती हे खरं, पण अंग सुकत नाही ते बुळबुळीनं. मरळीला चट्टा पडला की मात्र अवघड. आमच्या वडलांच्या वेळी एका हिवाळ्यात मरळ जाळ्यात यायची ती डोक्याला भोक पडलेली. कवटी दिसायची. लोक मासाच खायचे बंद झाले, तीन महिने चूल कशी पेटवली आमचं आम्हाला माहीत.

खानापूरची लेक

मी मत्स्यविज्ञानाला आहे, शेवटच्या वर्षाला. सरांचा प्रतिसाद वाचून एक पुरवणी जोडावीशी वाटली.

आमच्याकडे लायसोझाइम बशीत नाही, नळीत मोजतात. तोच मायक्रोकॉकस वाळवून पाण्यात कालवला की पाणी दुधाळ होतं. त्यात माशाचं रक्तद्रव घातलं की जंतू फुटत जातात तसं दूध निवळत जातं. यंत्रातून प्रकाश सोडून दर मिनिटाला किती निवळलं ते वाचायचं. मिनिटाला ०.००१ इतका फरक म्हणजे एक युनिट. ऐकायला कंटाळवाणं आहे, पण बघताना मजा येते. पहिल्या वेळी मी घड्याळाकडे बघायचंच विसरले आणि आकडे परत घ्यावे लागले.

गंमत अशी की लायसोझाइम जास्त म्हणजे मासा तब्येतीत, असं सरळ नसतं. माशाला अचानक धक्का बसला, जाळं ओढलं, गाडीतून हलवलं, की ते कधीकधी आधी वाढतं. ताण रोजचाच झाला, म्हणजे गर्दी, पहाटे प्राणवायू कमी, तळात अमोनिया, की कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढलेलं राहतं आणि मग लायसोझाइम खाली येतं. त्यामुळे काका, तुमच्या ज्या चारशे माशांना टॉवेल लागलाच नाही त्यांचाही विचार करा. पहाटे ते पाण्यावर तोंड काढून आ-आ करतात का बघा. करत असतील तर खरं काम तिथं आहे. मोटर लावून पाणी उंचावरून पाडा.

लसूण, हळद, तुळस खाद्यात देऊन रोहूवर आपल्याकडे बरेच प्रयोग झालेत आणि लायसोझाइम वाढलेलं दिसलंय. पण ते प्रयोग टाक्यांतले, सगळं मोजून-मापून. तुम्ही पेंडेत लसूण ठेचून घातलात तर नुकसान नाही. चमत्काराची वाट मात्र बघू नका.

ता. क. आई मासे धुताना म्हणते, बुळबुळ गेली की मासा ‘मुका’ होतो. का ते तिला सांगता येत नाही. कुणाकडे हा शब्द आहे का?

वेदगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. मरळवाले मामा, तुमचा ‘भाजतो’ वाचून आमच्या आईला विचारलं. ती म्हणाली, अरे होय की, तुझा आजा पण हेच म्हणायचा. मग आत्तापर्यंत सांगितलं का नाहीस? तर म्हणे, तू विचारलंस कधी. ताई, ‘मुका’ आमच्यात नाही, पण आई हसली ऐकून.

ताई म्हणाल्या म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बॅटरी घेऊन गेलो. तोंडं काढत होते. सगळे नाहीत, पण पूर्वेच्या कोपऱ्यात पन्नास-साठ तरी. बाकी वेळी हे मी बघितलंच नसतं, आमची पेंड आठ वाजताची. दोन दिवस साडेतीनला उठून मोटर लावली, बायकोनं ‘आता माशांना अंगाई पण म्हणा’ म्हणून सुनावलं. मग टायमर बसवला. चुन्याचा पहिला हप्ता सहा किलो टाकला. पेंड निम्मी केली.

मिठाच्या बादलीत चार मासे घातले. एक कटला मिनिट व्हायच्या आतच आडवा झाला, घाबरून काढला, पाण्यात जाताच पळाला. दोघांचा कापूस तिसऱ्या दिवशी काठाला आलेच नाहीत म्हणून बघता आला नाही. चांगलं लक्षण धरायचं की वाईट, कळेना.

एक शंका राहिली, सर. अंड्याच्या पांढऱ्या बलकात लायसोझाइम असतं म्हणालात. मग माशाच्या अंड्यातपण असतं काय? मनात आलं की एक-दोन चांगल्या रोहू माद्या ठेवाव्यात, त्यांची पिल्लं आपल्याच तळ्यात वाढावीत, बाहेरचं बीज नको.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी

असतं. मादी आपल्या अंगातलं लायसोझाइम आणि थोडी प्रतिपिंडं अंड्यात भरून देते. पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याला स्वतःचं असं फारसं काही करता येत नसतं, तोवर आईनं बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतं. आजारी, उपाशी मादीची शिदोरी हलकी असते.

पण तुमचा बेत जमणार नाही. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यात चढती नदी लागते. म्हणून तर आधी नदीतूनच बीज गोळा करायचे. १९५७ साली १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पना, म्हणजे रोहू-कटल्याच्या घराण्यातल्या माशांना, तळ्यात अंडी घालायला लावली, आणि आता आपलं बहुतेक बीज अशा टोचणीच्या वाटेनंच येतं. १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच. तुम्ही बीज विकतच घ्या. फक्त घेताना पिशवी दुपारच्या उन्हात आणू नका आणि पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवल्याशिवाय सोडू नका. गरम-गार पाण्याचा धक्का बसायला नको.

वेदगंगाकाठ

२१ फेब्रुवारी. वर आणतोय धागा.

एकूण अकरा मेले. शेवटचा ४ तारखेला. त्यानंतर एकही नाही. पाणी आता सकाळी २३ दाखवतंय, पेंडेचं बारदान टांगलं की पुन्हा उकळी.

काल मेव्हणा आला होता. वजन नको म्हणालो, पण त्याला चैन पडेना, आणि मलाही कापसाचं काय झालं बघायचं होतं. या वेळी जाळं पाण्यातच पिशवीगत धरून ठेवलं, बाहेर काढलंच नाही. काट्याला पाणी भरलेली बादली टांगली, तिचं वजन आधी लिहिलं. मग भिजवलेल्या हातांनी मासा उचलून थेट बादलीत. वजनातला फरक तेवढा मासा. दहाच मासे केले. पहिल्या वेळी चाळीसला दीड तास लागला होता, दहांना बारा मिनिटं. निसटले दोन, पण निसटले ते पाण्यातच.

दहांत एक तो चार बोटांच्या पट्ट्याचा रोहू निघाला. ओळखला मी लगेच. लाल गेलंय. खवले अजून नाहीत, पण त्या जागी राखाडी, तुकतुकीत कातडी आलीय आणि बोट टेकवलं तर बुळबुळीत लागली. मेव्हणा वाकून बघत होता. त्याचा टॉवेल बांधावरच्या बाभळीला टांगलेला, मुद्दाम.

पाकीट दुकानदारानं परत घेतलं नाही, फोडलंय म्हणाला. पेंडेत मूठमूठ घालून संपवतोय.